जुनी खळी, सध्या पडीक

पान दोनशे चौदा, अकरावी ओळ. 'किनाऱ्यालगत जुनी खळी आढळतात, सध्या पडीक.' एवढंच छापलंय. ह्या एका ओळीच्या जोरावर एकोणचाळीस बायकांची जमीन काढून घ्यायला निघाले होते, आणि त्या एकोणचाळिसांत माझी मावशी होती. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे. गोड बोलूनही बघितलं होतं, त्याचं काय झालं ते सांगतेच.

मी सरकारी छापखान्यात प्रुफं तपासते. एकोणीस वर्षं झाली. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार हवा की नको, ह्यात डोळे गेले. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे आमच्या किनारी प्रांतावरचं पुस्तक छापायला आलं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, त्यात भूगोल, इतिहास आणि लोकजीवन असं सगळं येतं. आम्ही त्याला नुसतं 'जाडं' म्हणायचो. आठशे बारा पानं. नद्या किती, वारे कुठून सुटतात, भरतीचं पाणी खाडीत किती आत चढतं, दीपगृह कुणी बांधलं, परकी गलबतं कुठल्या शतकात आली आणि काय काय उचलून घेऊन गेली, सगळं त्यात. 'येथील लोक काटक, साधे व कष्टाळू आहेत' हेही. हे वाक्य मी आजवर चार प्रांतांच्या पुस्तकांत वाचलंय. आळशी आणि लबाड लोकांचा प्रांत सरकारला अजून सापडलेला नाही.

रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात उभी राहिली. दोन बस बदलून आली होती. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, तेव्हापासून ह्या बाईनं मला वाढवलं. न सांगता ती कधी येत नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. सदर जागा शासनाच्या प्रांतग्रंथातील पृष्ठ २१४ वरील नोंदीनुसार पडीक असल्याने तेथे पर्यटकांच्या सोयीसाठी वाहनतळ उभारण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास येत्या गुरुवारी सुनावणीस पुराव्यासह हजर राहावे.

"पडीक?" मावशी म्हणाली. "काल मी त्याच्यावर तीन टोपल्या मासळी पसरली. आज शेजारणीला सांगून आलेय उलटायला. ते पडीक? ज्यानं लिहिलं त्याचे डोळे काय गहाण पडलेत?"

"वाहनतळ म्हणजे गाड्या लावायची जागा, मावशी."

"तेवढं कळतं मला. समुद्र बघायला येतात त्यांच्या गाड्या. बघू देत की समुद्र, कोण नको म्हणतंय? पण गाडीला जागा पाहिजे म्हणून आम्ही समुद्रात जाऊन बसायचं का?"

इथे खळं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याचाच आहे. शेतीच्या मुलखात खळं म्हणजे मळणीची जागा, धान्य झोडपायची. आमच्या किनाऱ्यावर धान्य पिकत नाही. आमच्याकडे खळं म्हणजे मासळी वाळवायची जागा. ती आयती मिळत नाही. वाळूवर मासळी टाकली तर प्रत्येक घासाला दाताखाली कचकच, ती कुत्रंसुद्धा घेणार नाही. म्हणून वाळू उपसायची, आतून माती आणून टाकायची, शिंपल्यांचा चुरा मिसळायचा आणि ओली असताना फळीनं चोपायची. दरवर्षी पुन्हा चोपायची. मावशीचं खळं तिच्या सासूनं चोपायला घेतलं होतं, पायाखाली घासलेल्या परातीसारखं गुळगुळीत झालंय. असं खळं व्हायला वीस वर्षं लागतात. ते खोदून त्याच्यावर डांबर टाकायचं आणि बायकांना सांगायचं, 'पलीकडे पसरा की,' असं कुणी म्हटलं तर त्याच्या तोंडात वाळू कोंबावी असं मला वाटतं.

नोंद कशी झाली तेही मावशीनंच सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी बूट घातलेला एक माणूस वही घेऊन आला होता. खाली उतरलाच नाही. रस्त्यावर उभा राहून नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं, "हे काय आहे?" बायका म्हणाल्या, "खळं." "किती आहेत?" "एकोणचाळीस." लिहून घेतलं आणि गेला. झाला आमच्या लोकजीवनाचा अभ्यास.

"गुरुवारपर्यंत मी बघते," मी मावशीला सांगितलं. "ते पुस्तक आमच्याच छापखान्यात छापलंय. चूक आहे, दुरुस्त करून आणते."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शिकवलं त्याचं चीज झालं बघ," म्हणाली, आणि आल्या पावली परत गेली. ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

सोमवारी मी आमच्या व्यवस्थापकांकडे गेले. एक पानाचं शुद्धिपत्र काढा म्हटलं. चूक आहे, छापखान्यानं मान्य करावी. ते चहा ढवळत बसले होते.

"शुद्धिपत्र पुढच्या आवृत्तीत निघतं."

"पुढची आवृत्ती कधी?"

"पुस्तक मंडळाचं. मंडळ बरखास्त झालंय. नवीन मंडळ नेमल्याशिवाय आवृत्ती नाही, आणि आवृत्तीशिवाय शुद्धिपत्र नाही."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जे छापलंय ते बरोबर," व्यवस्थापक म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरचा पेला उचलून खिडकीबाहेर टाकला नाही, ह्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

मग राहिले संपादक. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर सुनावणीत काम झालं असतं. मंगळवारी अर्धी रजा टाकून त्यांच्या घरी गेले. निवृत्त होऊन सात वर्षं झालेली, तिसऱ्या मजल्यावरची जागा, पुस्तकांची कपाटं काचेची आणि काचांना कुलपं. मला त्यांनी ओळखलं नाही. छापखान्यातून आलेय म्हटल्यावर बसा म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य आत, शेतीच्या मुलखात गेलेलं. समुद्र त्यांनी पुस्तकात वाचलेला.

मी फार गोड बोलले. साहेब, एक बारीकशी चूक राहून गेलीय म्हटलं. खळं म्हणजे आमच्याकडे मासळी वाळवायची जागा.

"बाई, खळं म्हणजे मळणीची जागा. शब्दकोश काढू का?"

"शब्दकोश काढा साहेब, पण एकदा किनाऱ्यावर जाऊन बघा."

"मी संपादक आहे, मासेवाला नाही." ते हसले. मग मला समजावून सांगायला लागले, लहान मुलाला सांगतात तसं. तिथे शेती होत नाही. मग मळणीची जागा आली कुठून? अर्थातच जुनी असणार. पूर्वी कधीतरी तिथे शेती असणार, समुद्र त्या वेळी बराच मागे असणार, पुढे तो आत आला आणि खळी पडून राहिली. ह्याच्यावर त्यांनी इतिहासाच्या भागात दीड पान लिहिलं होतं, आणि तीन गावांत व्याख्यानं दिली होती. एका ठिकाणी तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

माझा गोडवा तिथेच संपला.

"म्हणजे एका शब्दाचा अर्थ कळला नाही म्हणून तुम्ही अख्खा समुद्र मागे सारलात?"

"आवाज खाली ठेवा."

"समुद्र सारताना कुणाला विचारलं होतं का? एक बस पकडून तिथे गेला असतात तर पहिल्या खळ्यावरच्या बाईनं सांगितलं असतं. नाकालाही कळलं असतं!"

ते उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी विचारल्याशिवाय काही लिहीत नाही, समजलं? तेव्हाही विचारलं होतं. तिकडचंच कुणीतरी छापखान्यात होतं, त्याला प्रुफावर विचारलं. शेती नाही असं लेखी उत्तर आलं. लेखी! तुमच्याच माणसानं दिलेली माहिती चुकीची असेल तर त्याला जाऊन विचारा."

"कुणाला?"

"नाव कसं लक्षात राहणार? छापखान्यातलं कुणीतरी."

दोन ओळींचं पत्र त्यांनी दिलं नाही. दार माझ्या पाठीवर बंद झालं. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. पहिल्या मजल्यावर माझे पाय थांबले. अकरा वर्षांपूर्वी आमच्या छापखान्यात त्या किनाऱ्यावरचं एकच माणूस होतं.

बुधवारी मी कोठीत गेले. जुन्या प्रुफांचे गठ्ठे तिथे असतात. तिथला राखणदार आतून काम करतानाही दाराला कुलूप लावून बसतो, म्हणून त्याला सगळे कुलूपमामा म्हणतात. त्यानं मला आत घेतलं आणि सवयीनं कुलूप लावलं. 'जाड्या'चे नऊ गठ्ठे होते, सुतळ्या कुजलेल्या. पान दोनशे चौदा सहाव्या गठ्ठ्यात सापडलं.

आधी छापलेला मजकूर: 'किनाऱ्यालगत एकोणचाळीस खळं आढळतात.' त्यातलं 'खळं' लाल शाईनं कापून वर 'खळी' केलं होतं. ते माझं अक्षर. अनेकवचन आहे, तर 'खळी' हवं, नियमानं बरोबर. बाजूला समासात संपादकांची निळी पेन्सिल: 'गालावरची? की मळणीची? तिकडे शेती आहे काय?' आणि त्याखाली पुन्हा लाल शाईत, सुबक, टपोरं, पूर्णविरामासकट, माझं उत्तर.

'नाही.'

पुढच्या प्रुफात 'एकोणचाळीस' गेलं होतं, 'जुनी' आलं होतं, आणि 'सध्या पडीक' आलं होतं. तेही मीच वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ बघून पानाच्या कोपऱ्यात सही केली होती.

"सापडलं का ताई?" कुलूपमामानं विचारलं.

"सापडलं."

"कुणाची चूक निघाली?"

"माझी."

मी तिथेच खाली बसले. तीन दिवस मी रागानं नुसती फणफणत होते. बूटवाल्यावर, व्यवस्थापकांवर, संपादकांवर. तो सगळा राग मागे वळला आणि माझ्या अंगावर आला, आणि गंमत बघा, त्यांच्यावरचा जरासुद्धा कमी झाला नाही. वाटून घेतल्यानं राग कमी होतो असं कुणी म्हणत असेल तर त्याला तो कधी आलेलाच नसेल.

तो कागद तिथेच राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. उंदरांनी निम्मा गठ्ठा खाल्लेलाच होता. एक पान मी खाल्लं असतं तर हिशेब उंदरांच्या नावावर लागला असता. पण मग सुनावणीत आमच्या हातात काय राहिलं असतं? एकोणचाळीस बायका, आणि समोर आठशे बारा पानं. ही नोंद चुकून झाली असं दाखवणारा सगळ्या जगात हा एकच कागद होता, आणि त्याच्यावर माझं अक्षर होतं.

छापखान्याचा कागद बाहेर नेला तर नोकरी जाते. मी तो पदराखाली घेतला. कुलूपमामानं दार उघडलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी दिवसभर कुलूप लावून बसलो होतो. आत कोण होतं, मला काय ठाऊक."

गुरुवारी सुनावणी अकराला होती. बायका पहाटे मासळी पसरून निघाल्या होत्या, हातापायांना खवले तसेच. एकोणचाळिसांतल्या एकतीस आल्या. बाकीच्या कावळे हाकायला मागे राहिल्या होत्या. खोली लांबट होती, छताला दोन पंखे, एक बंद. सुनावणी अधिकारी मधल्या खुर्चीत, त्यांच्या उजवीकडे टंकलेखन करणारा कारकून, डावीकडे गाडीतळाचा इंजिनीअर रंगीत नकाशा पसरून बसलेला. नकाशात आमची खळी हिरव्या चौकोनांत होती आणि चौकोनांत छोट्या छोट्या गाड्या काढल्या होत्या. झाडंसुद्धा काढली होती. त्या खाऱ्या वाऱ्यात तसली झाडं जन्मात जगणार नाहीत, पण कागदावर काय, हवं ते उगवतं.

अधिकारी वाईट माणूस नव्हते. कंटाळलेले होते. त्यांनी पान दोनशे चौदा वाचलं आणि विचारलं, "हरकत कुणाची?"

"माझी," मावशी उभी राहिली. "साहेब, पडीक कशाला म्हणतात? माणूस जिथे फिरकत नाही त्याला. मी तिथे चाळीस वर्षं फिरकतेय. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"पुरावा काय?"

मावशीनं मागे वळून बघितलं. एका बाईनं गाठोडं पुढे आणलं आणि सरळ टेबलावर सोडलं. सुकी मासळी. "हा घ्या पुरावा. ही काय आभाळातून वाळून पडली?"

इंजिनीअरनं खुर्ची मागे ओढली. बायका हसल्या. अधिकाऱ्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "बाई, हा मासळीचा पुरावा झाला. जागेचा नाही."

मग मी उभी राहिले आणि पान पाचशे तीस उघडून दाखवलं. ह्याच पुस्तकात लोकजीवनाच्या भागात एक फोटो आहे. चौघी बायका वाकून मासळी पसरतायत, पाठीमागे समुद्र. खाली लिहिलंय, 'किनाऱ्यावरील एक नयनरम्य दृश्य.' म्हटलं, साहेब, बायका पाचशे तीस पानावर नयनरम्य आहेत आणि दोनशे चौदा पानावर नाहीतच, हा कुठला न्याय?

"किनारा दीडशे मैलांचा आहे," इंजिनीअर म्हणाला. "फोटो कुठला कशावरून?"

मागून एक बाई ओरडली, "माझी आई आहे ती फोटोत! मुडद्या, आईची पाठ ओळखत नाही का मी?" तिला खाली बसवावं लागलं. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "छापील नोंद स्पष्ट आहे. ती चुकीची आहे असा लेखी आधार असेल तर द्या. नसेल तर मला काही करता येणार नाही."

मी तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. संपादकांचं समुद्र मागे सारणं सांगितलं, खळ्याचे दोन अर्थ सांगितले. ते पहिल्यांदाच पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे 'नाही' कुणी लिहिलंय?"

"मी."

"तुम्हाला खळं म्हणजे काय ते त्या वेळी माहीत नव्हतं का?"

"होतं. मी तिथेच लहानाची मोठी झालेय. ही माझी मावशी."

"मग 'मासळी वाळवायची जागा' असं लिहिलं का नाहीत? समासात जागा तर भरपूर दिसतेय."

मी म्हटलं, प्रुफं तपासणाऱ्यानं अक्षर बघायचं असतं, अर्थ बघायचा नसतो, शेतीचं विचारलं होतं, शेतीचं सांगितलं.

"बाई," अधिकारी शांतपणे म्हणाले, "संपादकांनी तुम्हाला अर्थच विचारला होता. तुम्ही टाळलंत. का, ते मला नोंदवावं लागेल. नाहीतर समोरचे म्हणतील, भाची मावशीसाठी आज खोटं बोलतेय."

इंजिनीअर लगेच म्हणाला, "तेच म्हणणं आहे आमचं."

मावशी माझ्याकडे बघत होती, भाची आता साहेबाला गप्प करणार अशा भरवशानं. मला तो भरवसा सहन होईना.

"लाज वाटली म्हणून," मी म्हणाले. "छापखान्यात सगळ्यांना मी सांगितलं होतं, की माझी मावशी शहरात राहते आणि शिवणकामाचे वर्ग घेते. खळं म्हणजे काय ते लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, तुमच्या घरीही हेच करतात का? म्हणून 'नाही' एवढंच लिहिलं. पुढच्या प्रुफात 'पडीक' वाचलं, तेव्हाही गप्प बसले. सही केली."

कारकून टाईप करत होता. त्याचं संपल्यावर अधिकारी इंजिनीअरला म्हणाले, "स्वतःच्या अंगाशी येणारं कुणी खोटं सांगत नाही. हा जबाब आणि हा कागद समोर असताना मी ती नोंद धरू शकत नाही. जागेची पाहणी होईपर्यंत काम थांबवा." मग बायकांकडे वळून म्हणाले, "मी स्वतः येईन बघायला. मासळी पसरलेली असू द्या."

बायकांत एकदम गलका झाला. कुणी कुणाच्या पाठीत थाप मारली, फोटोतल्या आईची मुलगी रडायला लागली. मावशी मात्र जिथे होती तिथेच उभी होती.

"शांत राहा. जबाब वाचून दाखवायचा आहे," कारकून म्हणाला आणि उभा राहून वाचायला लागला. सरकारी आवाजात, सपाट. 'मी सदर खळ्यावर लहानाची मोठी झाले. सदर जागा मासळी वाळवण्यासाठी रोज वापरात होती व आहे, हे मला माहीत होते. मला माझ्या मावशीच्या कामाची लाज वाटत असल्याने मी ते लिहिले नाही. सदर मावशी शिवणकामाचे वर्ग घेते, असे मी कार्यालयात खोटे सांगितले होते.' मी सवयीनं चूक शोधत होते. एकही सापडली नाही.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"कुणाची काही दुरुस्ती?"

"माझी आहे," मावशी म्हणाली.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. मावशी टेबलापाशी गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. "साहेब, त्यात ते शिवणाचं आहे, ते नीट लिहा. मला शिवता येत नाही. सुईत दोरासुद्धा दुसरं कुणी ओवून देतं."

"अहो, खोटं सांगितलं होतं असंच लिहिलंय त्यात."

"खोटं असं लिहिलंय. येत नाही असं कुठे लिहिलंय? लिहा. तुमचा काय नेम? उद्या आणखी एक पुस्तक छापाल आणि त्यात येईल, इथल्या बायका शिवणकाम करतात, मासळी पूर्वी वाळवत असाव्यात." कुणी हसलं नाही. "आणि येतं काय तेही लिहा. मला मासळी वाळवता येते. हिचं शिक्षण त्याच्यावरच झालंय, ते तिच्यानं लिहवलं नाही, तर तुम्ही लिहा."

कारकुनानं अधिकाऱ्यांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यानं पेन घेतलं आणि समासात ते सगळं बारीक अक्षरात लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. जबाब माझा, तेव्हा दुरुस्तीखाली सही माझीच लागणार होती.

मी पेन घेतलं. बायका दाराकडे निघाल्या होत्या, त्यांना बाराची बस गाठायची होती. मी म्हटलं, "मावशी, थांब. मी येते. आपण बरोबर जाऊ."

ती दारात थांबली. वळली नाही.

"तू सही कर," म्हणाली. "आम्हाला मासळी उलटायची आहे."

आपल्याला म्हणाली नाही. आम्हाला म्हणाली. एकोणीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला त्यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. मी सही केली.